मनोरुग्ण बरा झाला, पण राहणार कुठे? हाफवे होम, आधाराचं घर आणि नामपूर परिसरातून तिथवर जायची वाट

नामपूर : घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तसा मोठा मानसिक आजार असेल तर पहिली काही वर्षं धावपळीत जातात. भगत होतो, मालेगाव होतं, नाशिक होतं. कधीतरी चांगला डॉक्टर भेटतो, गोळ्या लागू पडतात आणि माणूस शांत होतो. तेव्हा कुठे खरा प्रश्न समोर येतो. आई-बाप सत्तरीला आलेले, भाऊ वेगळा निघालेला, भावजयीला भीती वाटते. मग म्हातारी माय विचारते, "आम्ही गेल्यावर याला कोण बघणार?"

मोसम खोऱ्यातल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न आहे. लोक तो बोलून दाखवत नाहीत, एवढंच. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. पण गोळी वेळेवर घेतली का ते बघणारं माणूस, डोक्यावर छप्पर, दोन वेळचं जेवण आणि थोडं काम, या चार गोष्टी दवाखान्यात मिळत नाहीत. या चारही गोष्टी एकत्र देणाऱ्या जागेला आपण इथे 'आधाराचं घर' म्हणू. कायद्यात त्याला वेगवेगळी नावं आहेत.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, तो २०१८ पासून लागू झाला. त्यातलं कलम १९ प्रत्येक घरच्यांनी माहीत करून घ्यावं असं आहे. प्रत्येक मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे, असं ते सांगतं. घरचे न्यायला तयार नाहीत, घरच नाही, किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. आणि अशी सोय उभी करायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

सोयीचे प्रकार साधारण असे. हाफवे होम म्हणजे मधला मुक्काम. रुग्णालयातून सुटी झाली, पण एकदम घरी जाऊन राहता येईल असं वाटत नाही, अशांनी काही महिने इथे राहायचं, स्वयंपाक, बाजार, गोळ्या, काम यांची सवय करायची. ग्रुप होममध्ये चार-सहा जण एका घरात राहतात, सोबत एक सांभाळणारं माणूस. तिसऱ्या प्रकारात माणूस स्वतःच्याच किंवा भाड्याच्या घरात राहतो आणि मदतनीस येऊन-जाऊन बघतो. शहरातल्या लोकांना हा तिसरा प्रकार नवीन वाटतो. आपल्याकडे मळ्यातल्या खोलीत राहणाऱ्या काकाला भावकीतलं कुणी तरी डबा नेऊन देतं, त्याचंच हे कायद्यातलं रूप आहे.

कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात २०१९ मध्ये देशभरातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांचा अभ्यास झाला तेव्हा एक वर्षाहून जास्त काळ तिथेच राहणारे सुमारे ४,९०० लोक निघाले. म्हणजे तिथल्या दर तीन माणसांतला एकाहून जास्त. काही जण पंचवीस वर्षांहून अधिक काळ आत होते. यातल्या कित्येकांना औषध चालू ठेवून बाहेर राहता आलं असतं. बाहेर जागाच नव्हती.

आपल्या राज्यातही हेच झालं. बरे झालेल्या काही रुग्णांना महाराष्ट्रात वृद्धाश्रमात आणि भिक्षेकरी गृहात हलवलं जात होतं. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला ही पद्धत ताबडतोब थांबवायला सांगितलं. आजारातून उठलेला माणूस भिकारी नसतो, आणि तीस वर्षांच्या पोराला वृद्धाश्रमात टाकणं म्हणजे सोय नव्हे, हे सांगायला एवढ्या मोठ्या कोर्टाची गरज पडावी, हे काही बरं नाही.

महाराष्ट्रात झालेली कामं

राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. नामपूरहून अंतराने जवळचं ठाणे. तिथे उपचार होतात, कायमचं राहायला ती जागा नाही.

आधाराच्या घराचा विचार करताना तीन कामं डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. पहिलं कर्जतचं. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये मुंबईत श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केलं. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना उचलायचं, आंघोळ, अन्न, औषध द्यायचं आणि बोलता झाला की गाव विचारून घरी पोहोचवायचं, हे त्यांचं काम. २००६ पासून रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळ मोठं केंद्र चालतं. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो माणसं घरी पोहोचली होती. ही जागा कायमची राहायची नाही, हे लक्षात घ्या. तिचा सगळा भर घरी परत नेण्यावर आहे आणि त्यातली बरीच घरं दूरच्या राज्यांतल्या खेड्यांत निघतात.

दुसरं काम नगर-मनमाड रस्त्यावरच्या शिंगव्याचं, आपल्याकडून शिर्डी-नगरला जाताना वाटेवरच. डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण बायकांना सांभाळतं. काहींना रस्त्यावर असताना दिवस गेलेले असतात, त्यांची लेकरंही तिथेच वाढतात. इथे राहणाऱ्या बऱ्याच जणींना परत न्यायला कुणी येत नाही. म्हणून ही जागा त्यांचं कायमचं घर झाली आहे.

तिसरा प्रकार चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेचा. १९९३ पासून ही संस्था काम करते. वर्षानुवर्षं रुग्णालयात अडकलेल्या लोकांसाठी त्यांनी 'होम अगेन' सुरू केलं. साध्या वस्तीत भाड्याचं साधं घर घ्यायचं, चार-पाच जणांनी मिळून राहायचं, आणि गावातलीच एखादी बाई पगारावर सोबत ठेवायची. फाटकावर पहारेकरी नाही, बाहेर पाटी नाही. शेजारणीकडून विरजण आणायचं, दुकानात जायचं, टीव्ही बघायचा. आपल्या राज्यात रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांसाठी अशी घरं उभी राहिली. मला विचाराल तर ग्रामीण तालुक्याला हाच नमुना सगळ्यात जवळचा आहे. त्याला मोठी इमारत लागत नाही. चार खोल्यांचं घर लागतं, गोळ्या ओळखणारी एक शिकलेली ताई लागते आणि गावाने 'याडा' म्हणून दगड न मारणं लागतं.

नामपूरहून सुरुवात कुठून करायची

नाशिक शंभर किलोमीटरच्या वर आहे, म्हणून थेट तिकडे पळू नका. सुरुवात फोनवरूनही होते. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. माणूस चिडला आहे, झोपत नाही, गोळ्या सोडल्या आहेत, काय करू, हे तिथे विचारता येतं.

त्यानंतर जवळचा सरकारी दवाखाना. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून चालतो. त्यांचं पथक तालुक्याच्या ठिकाणी कधी येतं, हे आशाताईला किंवा दवाखान्यात विचारून ठेवा. एकदा निदान आणि औषध ठरलं की पुढच्या गोळ्या जवळ मिळतील का, हे तिथेच विचारा. महिन्याच्या गोळ्यांसाठी एक मजुरी बुडवून नाशिकला जावं लागलं की चौथ्या महिन्याला गोळ्या बंद होतात आणि सहाव्या महिन्याला माणूस परत आजारी पडतो. हे चक्र बऱ्याच घरांनी बघितलंय. रोज गोळी घ्यायला नकार देणाऱ्यांसाठी काही औषधांचं दोन ते चार आठवडे टिकणारं इंजेक्शन असतं, त्याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.

दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार फुकट मिळतात. कार्ड हातात नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

भरती करायची वेळ आली तर माणूस स्वतःच्या संमतीने भरती होऊ शकतो. तो समजण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. हा प्रतिनिधी कोण, हे माणूस बरा असतानाच साध्या कागदावर सही करून ठरवू शकतो. आई-वडील असताना हा कागद करून ठेवला तर पुढे भावा-बहिणींत ओढाताण होत नाही.

सुटी होताना हाफवे होमची गरज आहे असं डॉक्टरांना वाटलं तर तसं कागदावर लिहून मागा. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झालाय. बरे झालेल्या मनोरुग्णांची पुनर्वसन गृहं या विभागामार्फत, स्वयंसेवी संस्थांकडून चालवली जातात. जागा कुठे रिकामी आहे याची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायची, तोंडी नको, अर्ज देऊन पोच घ्यायची. दाद लागली नाही तर तालुका विधी सेवा समिती आहे. १५१०० या नंबरवर फुकट कायदेशीर मदत मिळते.

मतिमंद आणि मनोरुग्ण, घोळ करू नका

गावात दोघांनाही एकच शब्द वापरतात. पण बौद्धिक दिव्यांगत्व जन्मापासून किंवा लहानपणापासून असतं, मानसिक आजार बहुतेक वेळा तरुणपणी सुरू होतो आणि औषधाने आटोक्यात येतो. हा फरक कागदपत्रांसाठी फार महत्त्वाचा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, प्रौढांसाठी 'घरौंदा' नावाची राहण्याची योजना आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून मिळतो. नुसता स्किझोफ्रेनिया असेल तर यातलं काही लागू होत नाही. चुकीच्या खिडकीवर वर्ष वाया जातं ते यामुळेच.

घरच आधाराचं घर करायचं असेल तर

बहुतेकांच्या नशिबी संस्था नसते, घरच असतं. तेव्हा ते घर नीट बसवावं लागतं.

वेगळी खोली असली तर उत्तम, पण ती गोठ्याच्या मागे, कडी बाहेरून लागणारी नको. खिडकी हवी, दिवा हवा, संडास जवळ हवा, आणि आतली कडी त्याच्या हातात हवी. दुसरी गोष्ट आपल्या भागासाठी जास्त गंभीर आहे. कांदा आणि डाळिंबाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधं असतात, चाळीत किंवा पलंगाखाली ठेवलेली. ज्या घरात मनोरुग्ण आहे किंवा कुणी खचलेलं आहे, तिथे ही औषधं कुलपात हवीत आणि किल्ली दुसऱ्याकडे. दुकानातून एका फवारणीपुरतंच आणा. मनात आलेला तो वाईट विचार पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरतो, तेवढ्या वेळात हाताला डबा लागला नाही तर माणूस वाचतो. त्याच्या स्वतःच्या गोळ्यांचंही तसंच, महिन्याचं पाकीट त्याच्याजवळ न ठेवता आठवड्याच्या काढून द्या.

लिथियम चालू असेल तर उन्हाळ्यात जपावं लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात कांदा काढताना घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं की रक्तात हे औषध वाढतं. हात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर लगेच दवाखाना. वेळोवेळी रक्त तपासणीही चुकवायची नाही.

काम द्या. कांदा निवडणं, गुरांना पाणी, डेअरीत दूध घालणं, जमेल ते. पण मजुरी त्याच्या हातात द्या, जेवणावर राबवून घेऊ नका. आणि सांभाळणाऱ्याला सुटी द्या. घरात बहुतेक वेळा एकच बाई हे सगळं ओढते. महिन्यातून चार दिवस बहिणीने किंवा चुलतीने जबाबदारी घेतली तर ती बाई टिकते, नाहीतर दोन वर्षांत दोन रुग्ण होतात.

लग्न करून दिलं की बरा होईल, हा सल्ला देणारे मांडवातून जेवून जातात. भोगायचं परक्या घरच्या पोरीला लागतं. आजार लपवून लग्न लावू नका. आणि लग्न झालेली मुलगी आजारी पडली म्हणून माहेरी आणून सोडली असेल, तर नवऱ्याकडे पोटगी मागण्याचा तिचा हक्क आजाराने जात नाही.

साखळी नको

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात पहाटे आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. २८ जण मेले. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने कोणत्याही रीतीने साखळीने बांधायला बंदी घातली आहे. भूत उतरवतो म्हणून बांधून मारणं हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. देवाला जायला कुणाची ना नाही, गडावर जा, नवस बोला. गोळी मात्र चालू ठेवा.

हे व्यसनमुक्ती केंद्रांनाही लागू आहे. दारूचं व्यसन या कायद्यात मानसिक आजारातच येतं. त्यामुळे गाडी पाठवून पोराला उचलून नेणारं, सहा महिने भेटू न देणारं, मारहाण करणारं केंद्र कायद्यात बसत नाही. पैसे भरण्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी मागून बघा, डॉक्टर कोण आणि कधी येतो ते विचारा, राहण्याच्या खोल्या स्वतः आत जाऊन बघा. दाखवत नसतील तर परत फिरा. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा सरकारी नंबर आहे.

अनोळखी माणूस गावात दिसला तर

मनमाड जंक्शनवर, यात्रेच्या गावात, हायवेच्या ढाब्यावर जटा वाढलेली, स्वतःशी बोलणारी माणसं दिसतात. त्यातलं कुणी चालत आपल्या शिवारात येतं. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर 'मुलं पळवणारा' म्हणून फोटो टाकू नका. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला अशाच अफवेतून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते रुग्णही नव्हते, फक्त परगावचे होते.

११२ ला फोन करा. कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षण देणं हे पोलिसांचं काम आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेऊन दाखवावं लागतं आणि घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. पोलीस येईपर्यंत पाणी, भाकरी आणि सावली द्या, गर्दी हटवा.

जमिनीतला हिस्सा

ही गोष्ट कुणी उघड बोलत नाही, पण राहण्याचा प्रश्न शेवटी इथेच येतो. आजारी भावाचं नाव सातबाऱ्यावरून काढून टाकायचं, 'त्याला काय कळतं' म्हणून. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे की कोणत्याही आजारामुळे किंवा व्यंगामुळे वारसा जात नाही. आणि समजण्याच्या स्थितीत नसताना घेतलेली हक्कसोडपत्रावरची सही कोर्टात टिकत नाही.

आई-वडिलांनी जिवंतपणी मृत्युपत्र करावं. त्यात त्याची खोली, त्याचा हिस्सा, आणि त्या हिश्श्याच्या उत्पन्नातून त्याचं खाणं-औषध कोण करणार, हे नाव घालून लिहावं. जो भाऊ सांभाळेल त्याला थोडं जास्त द्यावं, यात गैर काही नाही. तोंडी शब्दावर सोडलेलं पुढच्या पिढीत टिकत नाही, हे आपल्याकडच्या बांधावरच्या भांडणांवरून सगळ्यांना माहीत आहे.

पैसा आणि कागद

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजारही आहे. स्वावलंबन कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, सेतू किंवा सीएससी केंद्रावर भरून मिळतो. मग दिलेल्या तारखेला रुग्णालयात तपासणी होते. जुने केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, भरती झाल्याचं डिस्चार्ज कार्ड एकाही कागदाला न हरवता न्या. मानसिक आजार वरून दिसत नाही, किती वर्षांपासून आहे हे या कागदांवरूनच ठरतं.

४० टक्के किंवा जास्त निघालं की तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. दिव्यांग लाभार्थ्यांची महिन्याची रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. एसटीची सवलत याच कार्डावर.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. बऱ्याच गावांत हा पैसा वर्षअखेरीला सगळ्यांना सारखा वाटून संपवतात. ग्रामसभेत लेखी मागणी करता येते, की गावातल्या अमुक माणसाच्या खोलीला संडास बांधून द्या, किंवा दर महिन्याला नाशिकच्या औषधाचं भाडं द्या. मागणी ठरावाच्या वहीत लिहिली गेली का, ते सभा संपायच्या आत बघून घ्या.